आठ कॉम्प्युटर, एकच ओळख

प्रश्न : ताई, वाळवा तालुक्यात आमची पतसंस्था आहे. २०२५च्या फेब्रुवारीत आठ नवे कॉम्प्युटर घेतले. इंजिनिअरने एका मशीनवर विंडोज ११, मराठी कीबोर्ड, हिशोबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटर असं सगळं नीट बसवलं आणि त्याच डिस्कचा क्लोन बाकी सातांवर मारला. मग 'काउंटर १', 'काउंटर २', 'वसुली' अशी नावं दिली. सप्टेंबरपर्यंत तक्रार नव्हती. त्या महिन्याच्या अपडेटनंतर व्यवस्थापकांच्या मशीनवरचं 'दैनिक' हे शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्या कुठल्याच मशीनवरून उघडेना. नाव-पासवर्ड मागतं, बरोबर टाकला तरी पुन्हा तीच खिडकी. तेव्हापासून पेन ड्राइव्हवर काम चाललंय. इंजिनिअर म्हणतो अपडेट काढू, सचिव म्हणतात पासवर्डच काढून टाका. कुणाचं ऐकू?
— एक लिपिक, सांगली जिल्हा

उत्तर : दोघांचंही नको. सचिवांचं तर मुळीच नको. बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही, ते खातं फक्त त्या मशीनसमोर बसून वापरता येतं. म्हणजे पासवर्ड काढून फोल्डर काही उघडणार नाही, पण काउंटरवर येणारा कुणीही सभासदांची खाती उघडून बसेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट फार नीट लिहिली आहे, ती म्हणजे 'पुन्हा तीच खिडकी'. परवानगीची तक्रार आली की मी आधी हेच विचारते, की पडद्यावर नेमकं काय येतं? 'ॲक्सेस डिनाइड' आलं, तर ढोबळमानाने समजायचं की मशीनने तुम्हाला ओळखलंय, पण त्या फोल्डरच्या यादीत तुमचं नाव नाही. मग शेअरिंगची यादी आणि सिक्युरिटीची यादी अशा दोन्ही तपासायच्या, कारण नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. पण बरोबर पासवर्ड टाकूनही तो परत परत मागत असेल, तर ओळखच पटलेली नाही. परवानगीपर्यंत मामला पोचलेलाच नाही. अशा वेळी फोल्डरवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन काडीचा फरक पडत नाही. तुमच्या इंजिनिअरने ते एव्हाना दिलं असणार. दिलं असेल तर आजच काढा.

आता ओळख म्हणजे काय ते बघू. विंडोज बसवताना प्रत्येक मशीनला एक लांबलचक क्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. त्या मशीनवर खातं उघडलं की मशीनच्या क्रमांकापुढे आणखी एक आकडा जोडून खात्याचा एसआयडी होतो. मूळच्या ॲडमिनिस्ट्रेटरला नेहमी ५००, गेस्टला ५०१, आणि आपण उघडलेली खाती १०००च्या पुढे. परवानगीच्या यादीत विंडोज हाच क्रमांक लिहून ठेवतं. 'शिंदे' किंवा 'कॅशियर' हे आपल्याला वाचता यावं म्हणून वर दाखवलेलं असतं. गावात एकाच नावाचे चार पाटील असले तरी सातबारा गट नंबरावरून निघतो, तसंच हे.

क्लोन मारताना डिस्कचा कण न् कण उतरतो, त्यात हा क्रमांकही आला. कॉम्प्युटरचं नाव बदलून तो बदलत नाही. थोडक्यात, तुमच्या आठही मशीनचा एसआयडी एकच आहे, असा माझा संशय आहे. तपासायला पाच मिनिटं लागतील. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'हू ॲम आय' हे तीन शब्द इंग्रजीत जोडून, मग जागा सोडून स्लॅश आणि 'यूझर' असं टाइप करा. एस-१-५-२१ ने सुरू होणारी ओळ दिसेल, पुढे तीन मोठे आकडे आणि शेवटी १००१ किंवा तसलं काहीतरी. शेवटचा तुकडा सोडून बाकीचं कागदावर उतरवा, दुसऱ्या मशीनवर तेच करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. (तुमच्याकडे डोमेन सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच जागी सांभाळणारं मशीन, नाही म्हणून हे चालतं. डोमेनच्या खात्याने लॉगिन केलं, तर डोमेनचा क्रमांक दिसतो आणि तो सगळीकडे सारखाच असतो, त्यावरून घाबरू नये.) शिवाय इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, तिथे 'एलएसए सर्व्ह'ची ६१६७ क्रमांकाची नोंद शोधा. मशीनची ओळख अंशतः जुळत नाही, अशा अर्थाचा मजकूर तिथे सापडला की निदान पक्कं.

मग फेब्रुवारी ते सप्टेंबर कसं चाललं? कारण तोवर हे कुणी तपासत नव्हतं. २९ ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतर आलेल्या अपडेट्सपासून विंडोज ११ची २४एच२ व २५एच२ ही रूपं आणि विंडोज सर्व्हर २०२५ हा क्रमांक काटेकोरपणे बघू लागलं. समोरून येणाऱ्या मशीनचा क्रमांक आपल्यासारखाच असला, तर ते लॉगिन नाकारतं. शेअर फोल्डर जातं, रिमोट डेस्कटॉपही जातो. मायक्रोसॉफ्टने हे स्वतःच जाहीर केलं आहे आणि हा बिघाड नसून मुद्दाम घातलेलं संरक्षण आहे. म्हणूनच इंजिनिअरचा उपायही बाद. ही अपडेट्स एकात एक गुंफलेली येतात. सप्टेंबरचं काढलं तर पुढच्या महिन्याच्या अपडेटमधून तेच परत येणार, आणि अपडेट कायमची बंद ठेवणं पैशाचे व्यवहार होणाऱ्या ठिकाणी मला मान्य नाही.

इंजिनिअरची बाजूही सांगते, कारण बिचारा अगदीच चुकीचं शिकलेला नाही. पूर्वी क्लोननंतर क्रमांक बदलायला 'न्यूएसआयडी' नावाचं छोटं साधन सगळे वापरायचे. त्याचा एक कर्ता मार्क रसिनोविच. त्यानेच नोव्हेंबर २००९मध्ये ते मागे घेतलं आणि लिहिलं की दोन मशीनचा एसआयडी एक असल्याने सुरक्षिततेला धोका होतो हा समज निराधार आहे. ते वाक्य आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. त्याच लिखाणात पुढे होतं की क्लोन करायचा तर सिसप्रेप हे विंडोजमधलंच, क्लोनआधी मशीनची ओळख पुसणारं साधन चालवूनच, मायक्रोसॉफ्ट दुसऱ्या कशाला आधार देणार नाही. ते सोयीस्करपणे कुणी वाचलं नाही. सोळा वर्षं खपून गेलं.

आता उपाय. आठही मशीन उचकटायची गरज नाही. भांडण सारख्या क्रमांकांचं आहे, तेव्हा एकाने तो क्रमांक ठेवला तर बिघडत नाही. व्यवस्थापकांचं मशीन आहे तसंच ठेवा. 'दैनिक' तिथेच आहे, त्यावरच्या परवानग्याही तिथल्याच खात्यांच्या आहेत. बाकीची सात नव्याने बसवायची. शनिवारी दुपारी काउंटर बंद झाला की सुरू करा, रविवार हाताशी असू द्या.

सातांपैकी एक घ्या, त्यातला डेटा बाहेर काढून ठेवा आणि विंडोज कोरं बसवा. देश निवडायचा पहिला पडदा आला की पुढे जायचं नाही, तिथेच कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकदम दाबा. मशीन ऑडिट मोडमध्ये उघडतं, म्हणजे कुठल्याही माणसाचं खातं न उघडता सॉफ्टवेअर बसवता येतं. हिशोबाचं सॉफ्टवेअर, कीबोर्ड, प्रिंटरचे ड्रायव्हर बसवून घ्या. तोवर इंटरनेटची वायर काढलेलीच बरी, नाहीतर स्टोअरमधली ॲप्स मागच्या मागे अपडेट होतात आणि नेमक्या त्याच कारणाने सिसप्रेप अडतो. डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल तर तेही आधी बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्या. मग सिसप्रेपच्या खिडकीत 'आउट ऑफ बॉक्स एक्स्पीरियन्स' निवडा, 'जनरलाइझ'च्या चौकटीत खूण करा, खाली 'शटडाउन' निवडा आणि ओके. ती 'जनरलाइझ'ची खूण राहिली तर सगळी मेहनत पाण्यात, कारण जुना क्रमांक पुसण्याचं काम तीच करते. मध्येच काही अडलं, तर सिसप्रेपच्या फोल्डरात 'पँथर' नावाचं फोल्डर असतं, त्यातली 'सेटअपॲक्ट' फाइल तळापासून वर वाचा. कुठल्या ॲपने घात केला त्याचं नाव तिथे असतं.

मशीन बंद झालं की ते पुन्हा चालू करायचं नाही. सगळी गोम इथे आहे. बंद असतानाच पेन ड्राइव्हवरून क्लोनचं साधन चालवून प्रत घ्या आणि बाकी सहांवर टाका. प्रत्येक मशीन पहिल्यांदा चालू झालं की स्वतःचा नवा क्रमांक घेईल. मग नाव द्या, खाती उघडा, आणि पुन्हा तो हू-ॲम-आयचा कागद करा. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधलेलं असेल, तर त्या लोकांना शुक्रवारीच फोन करून ठेवा. रविवारी ते उचलत नाहीत.

'सध्या चालू असलेल्या मशीनवरच सिसप्रेप मारला तर?' असं इंजिनिअर विचारेल. मारू नये. वापरात असलेलं विंडोज त्याने बदलू नका, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. कुणी विंडोजच्या सोयीने फाइल एन्क्रिप्ट करून ठेवल्या असतील, तर त्या कायमच्या जातात.

आणि तोपर्यंत तो पेन ड्राइव्ह थांबवा. कपाटात एखादं जुनं मशीन असेल, ज्यावर विंडोज वेगळं बसवलेलं आहे, ते बाहेर काढा. त्याचा क्रमांक निराळा असल्याने आठही मशीन त्याच्याशी बोलतील. प्रत्येक कर्मचाऱ्याचं खातं त्यावर त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने उघडा आणि 'दैनिक' तात्पुरतं तिथे हलवा. मायक्रोसॉफ्टकडून ही तपासणी तात्पुरती शिथिल करणारी पॉलिसीही मागून मिळते, पण पतसंस्थेच्या लिपिकाने त्यांच्या सपोर्टशी इंग्रजीत झगडण्यापेक्षा जुन्या मशीनवरची धूळ झटकणं सोपं.

प्रश्न : नाशिकला माझं सीएचं ऑफिस आहे. जुन्या मशीनची डिस्क नव्याला जोडून अशिलांची फोल्डरं उतरवायला घेतली. सिक्युरिटीच्या पानावर नावांऐवजी प्रश्नचिन्ह आणि एस-१-५ वगैरे लांब आकडे दिसतात. काही फोल्डरं उघडतच नाहीत. शिवाय एका आर्टिकल मुलाचं खातं चुकून डिलीट झालं, त्याच नावाने नवं उघडून दिलं, तरी त्याला त्याचीच फोल्डरं बंद. हा काय प्रकार?

उत्तर : दोन्हींचं मूळ एकच. वरचं उत्तर वाचलंत तर अर्धं कळलं असेल. ते आकडे म्हणजे जुन्या मशीनवरची माणसं. यादी डिस्कबरोबर आली, पण त्या क्रमांकांचं कुणी नव्या मशीनवर राहत नाही, म्हणून नाव दाखवता येत नाही. आर्टिकल मुलाचंही तेच झालं. नाव तेच असलं तरी नव्या खात्याला नवा क्रमांक मिळतो आणि जुना पुन्हा कधी कुणाला दिला जात नाही. म्हणून मी ऑफिसांना सांगते की माणूस सोडून गेला तर खातं उडवू नका, आधी डिसेबल करा. त्याच्या जागी दुसरा आला आणि तेच काम करणार असेल, तर खात्याचं नाव बदललं तरी चालतं. क्रमांक तोच राहतो, परवानग्या शाबूत राहतात.

फोल्डर उघडायला ॲडमिनच्या खात्यातून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जा. वर 'ओनर'समोर 'चेंज' आहे, तिथे ॲडमिनिस्ट्रेटर्स हा गट लिहा आणि आतल्या सगळ्यांना मालकी लागू करायच्या चौकटीत खूण करा. मग तुमच्या माणसांचे गट यादीत घाला. हे फक्त अशिलांच्या फोल्डरवर करायचं. अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यानंतर ते विंडोज सरळ चालत नाही, कारण त्यातल्या सिस्टिमच्या फाइल मुद्दामच ॲडमिनच्याही हाताबाहेर ठेवलेल्या असतात.

आकड्यांच्या नोंदी काढायला हरकत नाही, पण एक खात्री करा. तुमच्याकडे डोमेन सर्व्हर असेल आणि तो त्या वेळी बंद असेल किंवा वायर निघालेली असेल, तर चांगल्या, चालू खात्यांचेही आकडेच दिसतात. सर्व्हर चालू असताना बघा. तरीही आकडाच दिसला, तर काढा. काढण्याआधी 'आयकॅकल्स' या आज्ञेच्या 'सेव्ह' सोयीने जुनी यादी एका फाइलमध्ये ठेवून द्या. आणि एखाद्या फाइलच्या चित्रावर छोटं कुलूप दिसलं तर थांबा. ती एन्क्रिप्ट केलेली आहे, मालकी घेऊनही उघडणार नाही. ती ज्याची, त्याचं सर्टिफिकेट जुन्या मशीनमधून काढावं लागेल. जुनी डिस्क तोवर फॉरमॅट मारू नका.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळतो. परीक्षा विभागाच्या 'गोपनीय' फोल्डरमधून वेळापत्रकाची फाइल लिपिकाने कट करून 'सर्वांसाठी' या फोल्डरमध्ये पेस्ट केली. शिक्षकांना नाव दिसतं, उघडत नाही. बाकी सगळ्या फाइल उघडतात.

उत्तर : एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली, तर सर्वसाधारणपणे ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते. कॉपी केली, तर नव्या जागेच्या परवानग्या घेते. 'सर्वांसाठी'च्या ॲडव्हान्स्ड पानावर तळाशी आतल्या सर्वांच्या परवानग्या बदलण्याची चौकट आहे, तिथे खूण करून लागू करा, फाइल उघडेल. पुढे लिपिकाला सांगा की कॉपी करायचं आणि मग मूळ जागची उडवायची.

मला काळजी उलट दिशेची वाटते. प्रश्नपत्रिका 'सर्वांसाठी'मध्ये टाइप करून नंतर कट करून 'गोपनीय'मध्ये टाकली, तर ती सर्वांना मोकळीच राहू शकते. फोल्डर उघडता येत नसलं तरी फाइलचा पूर्ण पत्ता माहीत असलेला ती उघडू शकतो. या चुकीची तक्रार घेऊन तुमच्याकडे कुणी येणार नाही. 'गोपनीय'वरही तीच चौकट आजच लागू करा. आणि विद्यार्थ्यांचं खातं अजून ॲडमिन असेल तर ते स्टँडर्ड करा, नाहीतर वरचं सगळं व्यर्थ.

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या ऑफिसात डोमेनला जोडलेल्या मशीनचा क्लोन मारला. दोन्ही काही आठवडे चालली, आता एकावर 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश येतो. ते परत जोडलं की दुसरं तुटतं.

उत्तर : डोमेनमध्ये माणसांसारखं मशीनचंही खातं आणि पासवर्ड असतो. तो मशीन आपण होऊन, मूळ सेटिंगनुसार दर ३० दिवसांनी बदलतं. तुमची दोन मशीन एकच खातं वापरताहेत, ज्याने आधी बदलला तो आत आणि दुसरा बाहेर. क्लोनला डोमेनमधून काढून कोरं बसवा, वेगळं नाव द्या आणि मग जोडा. काढण्याआधी त्यावरच्या स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड चालतो की नाही ते बघून घ्या, नाहीतर मशीन तुमच्यासमोर असेल आणि लॉगिन कुणालाच होणार नाही.

प्रश्न : आमच्या सगळ्या मशीनवर सी ड्राइव्हच्या 'यूझर्स'मध्ये 'प्रकाश' नावाचं फोल्डर आहे. प्रकाशकाका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. खात्याची नावं बदलली, पण फोल्डर तेच. नाव बदलू का?

उत्तर : नको. खात्याचं नाव बदलून फोल्डरचं बदलत नाही, आणि हाताने बदललंत तर विंडोजला जुन्या पत्त्यावर काही सापडत नाही. ते तात्पुरतं प्रोफाइल उघडून देतं, डेस्कटॉप कोरा दिसतो आणि ऑफिसात हाहाकार होतो. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये केलेलं काम लॉगआउट झालं की जातं. नाव फारच खुपत असेल तर नवं खातं उघडून कागदपत्रं त्यात कॉपी करा. कट नको, कारण वर रत्नागिरीच्या उत्तरात आलंच आहे.